बडोद्याचे गोल्फ मैदान: राजवाड्याच्या आवारातील एक सकाळ

बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पाहायला येणारे बहुतेक जण दरबार हॉल आणि शस्त्रे पाहून परततात, आणि त्याच आवारातील गोल्फ मैदान त्यांच्याकडून राहून जाते. गेल्या हिवाळ्यात एका सभासद स्नेह्यांच्या सोबतीने मला तेथे एक सकाळ खेळता आले. (रिक्षावाल्याने आधी पर्यटकांच्या फाटकाशी उतरवले, त्यामुळे पहिली वीस मिनिटे चालण्यातच गेली.)

मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे असलेल्या सयाजीराव महाराजांनी, म्हणजे तिसऱ्या सयाजीरावांनी, बांधलेला हा राजवाडा १८९० मध्ये पूर्ण झाला. त्याचा आराखडा कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी रचला त्या मेजर चार्ल्स मँट यांचा. मात्र १८८१ मध्ये त्यांचे निधन झाल्याने पुढचे काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेले. सोनगढचा पिवळसर दगड आणि पुण्याकडचा काळा-निळा पाषाण येथे एकाच भिंतीत नांदतो, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात तो फरक फेअरवेवरूनही (खेळपट्ट्यांतील कापलेल्या गवताच्या मोकळ्या पट्ट्यावरूनही) डोळ्यांत भरतो.

मैदान राजवाड्याच्या मानाने बरेच अलीकडचे आहे. १९३०च्या दशकात सयाजीरावांचे नातू प्रतापसिंह महाराजांनी ते आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठी तयार करून घेतले, म्हणजे खेळापेक्षा यजमानधर्माची गरज त्यामागे अधिक असावी, असे मला वाटते. पुढे १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९७१ मध्ये संस्थानिकांचे सरकारी तनखेही बंद झाले, आणि १९९०च्या दशकात प्रतापसिंहांचे नातू समरजितसिंह गायकवाड यांनी मैदानाचे नूतनीकरण करून ते सर्वांसाठी खुले केले. ते स्वतः बडोद्याकडून रणजी करंडक खेळलेले क्रिकेटपटू. आवारातच मोतीबाग क्रिकेट मैदान असताना त्यांनी गोल्फकडेही लक्ष द्यावे, याचे मला विशेष कौतुक वाटते.

खेळाविषयी सांगायचे तर ही विश्वामित्री नदीकाठची सपाट भूमी आहे, त्यामुळे चढउतारांचे आव्हान शोधणाऱ्या मुरलेल्या खेळाडूला ती सौम्य वाटेल. नवशिक्याला मात्र मोठ्या झाडांच्या सावलीत निवांतपणे हात बसवता येतो. माझा एक फटका भरकटून झाडाखाली गेला, तेव्हा तेथे बसलेल्या वानराने चेंडूकडे एकदा निरखून पाहिले आणि तोंड फिरवले; कॅडीने, म्हणजे खेळाडूचे सामान वाहणाऱ्या मदतनीसाने, हलक्या आवाजात मला थांबायला सांगितले, आणि ते स्वतःहून उठून जाईपर्यंत आम्ही चौघेही निमूट उभे राहिलो.

खेळ आटोपल्यावर महाराजा फत्तेसिंह संग्रहालय चुकवू नये. राजवाड्यातील मुलांच्या शाळेसाठी बांधलेल्या इमारतीत ते आहे आणि तेथील राजा रविवर्म्याच्या चित्रांसाठी किमान एक तास हाताशी ठेवावा. आम्ही उन्हाचे चटके बसू लागल्यावर तेथे गेलो. पुन्हा जाईन तेव्हा संग्रहालय दुपारी आणि मैदान उजाडताच, असाच क्रम ठेवीन.