एनजी-स्टार : परम्याच्या जंतूंची जनुकीय ओळख

परमा अर्थात गनोरियाच्या जंतूंचे जनुकीय वर्गीकरण करणारी ‘एनजी-स्टार’ ही संगणकीय सेवा कॅनडातील विनिपेगच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेने उभारली असून, या क्षेत्रातील प्रत्येक प्रयोगशाळेने ती जरूर वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पेनए, एमटीआरआर, पोरबी, पोनए, जायरए, पारसी आणि २३एस आरआरएनए या ७ जनुकांचे डीएनए-क्रम (त्यांतील अक्षरांची मांडणी) भरले, की प्रत्येकाच्या रूपाला क्रमांक मिळतो आणि त्या संचावरून जंतूचा प्रकार ठरतो. जुन्या एनजी-मास्ट पद्धतीत पोरबी आणि टीबीपीबी या दोनच जनुकांवरून जंतूचे नाते कळत असे. येथे मात्र निवडलेली जनुकेच औषधप्रतिकाराशी निगडित आहेत, आणि हे मला फार मोलाचे वाटते. जपानमध्ये २०१५ साली आढळलेल्या एफसी४२८ या वाणातील, परम्यावरील सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकाला दाद न देणारे पेनए जनुकाचे रूप आज देशोदेशीचे संशोधक ६०.००१ याच क्रमांकाने ओळखतात.

टेट्रासायक्लिनच्या प्रतिकाराची जनुके या योजनेत नाहीत, ही उणीव त्याच गटातील डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा लैंगिक आजार टाळण्यासाठीचा प्रतिबंधक वापर वाढत असताना खटकते. शिवाय नव्या, अनोळखी बदलांसाठी जंतू वाढवून केलेली औषधचाचणी आवश्यकच राहते.