लिफ्टचा सेन्सर आणि क्यूआर कोड: काही महिने वापरल्यानंतर

ज्यांच्या सोसायटीत बटण न दाबता लिफ्ट बोलावायच्या सोयीची कोटेशनं येऊन पडली आहेत त्यांचा वेळ वाचावा म्हणून निकाल आधीच सांगते. सेन्सर बसवून घ्या. क्यूआर कोडवर पैसे घालू नका. आणि "आता जुनी बटणं काढून टाकू, पॅनेल सुटसुटीत दिसेल" असं वेंडर म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आमची इमारत परळची, जुनी चाळ पाडून झालेला टॉवर. मजले अठरा, लिफ्ट दोन. दोन्ही जोडीने चालतात, म्हणजे बोलावलं की जी सोयीची असेल ती येते. मी अकराव्यावर राहते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कमिटीने सगळं एकदम बसवलं: प्रत्येक मजल्यावर बाहेरच्या बटणाला सेन्सर, लिफ्टच्या आत प्रत्येक आकड्याला सेन्सर, दाराशेजारी अ‍ॅक्रिलिकच्या पाटीवर फोनने स्कॅन करून लिफ्ट बोलावायचा क्यूआर कोड, आणि तळमजल्यावर छताला एक मोशन सेन्सर. मूळ ठराव २०२० चा. तेव्हा आमच्याही लिफ्टमध्ये थर्माकोलच्या तुकड्यात टूथपिक खोचून ठेवलेल्या असायच्या आणि बटणांवर प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असायचा. ठराव झाला, पैसे उभे राहिले नाहीत, करोना ओसरला. पुढे लिफ्टचं मोठं काम निघालं तेव्हा तोच ठराव फायलीतून बाहेर आला. सोसायट्यांची कामं अशीच होतात.

वेंडर अजून करोनाच्याच नावाने विकतात, म्हणून तेवढं सांगून टाकते. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्लॅस्टिक आणि स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडला होता आणि सगळे बटणांना घाबरायला लागले. पण तो प्रयोगशाळेतला प्रकार होता. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. बंद लिफ्टमध्ये खरा प्रश्न बटणाचा नव्हता, हवेचा होता. तेव्हा जंतूंसाठी हे घेऊ नका. हात भरलेले असतात म्हणून घ्या.

आणि मुंबईत हात भरलेलेच असतात. एका हातात दादरच्या मंडईतली पिशवी, दुसऱ्यात गळकी छत्री, खांद्यावर ऑफिसची बॅग. पूर्वी पिशवी खाली ठेवायची, बटण दाबायचं, पिशवी उचलायची. आता मनगट पुढे केलं की काम होतं. गणपती आणताना मूर्ती दोन्ही हातांत होती आणि लिफ्ट कोपराने बोलावली. त्या दिवशी सेन्सरला नावं ठेवणारे आमचे सासरेबुवासुद्धा गप्प होते.

सेन्सर चालतो साध्या युक्तीवर. आतून इन्फ्रारेड प्रकाश बाहेर पडतो, समोर हात आला की परततो, आणि आतला रिसीव्हर तो ओळखतो. ट्यूबलाइटने गोंधळ होऊ नये म्हणून हा प्रकाश ठरावीक लयीत उघडझाप करतो. हात दोन-तीन सेंटिमीटरवर आणून क्षणभर थांबायचं, बटणाभोवतीच्या रिंगचा रंग बदलला की कॉल लागला. लोक चुकतात ते थांबण्यात. माशी हाकलल्यासारखा हात फिरवून "चालत नाही हो" म्हणतात. शिवाय काळं कापड हा प्रकाश बराचसा शोषतं, त्यामुळे काळी छत्री पुढे केली तर कधी लागतो, कधी नाही. आमच्या मजल्यावर जिन्याची खिडकी पश्चिमेला आहे. संध्याकाळचं ऊन थेट पॅनेलवर येतं तेव्हा सेन्सर आंधळा होतो आणि बटणच दाबावं लागतं. खिडकीला फिल्म लावायचा विषय गेल्या दोन मीटिंगमध्ये निघाला आहे, पुढे सरकलेला नाही.

मोठा त्रास होता लिफ्टच्या आत. सकाळी शाळेची मुलं दप्तरं पाठीला लावून पॅनेलला टेकून उभी राहायची आणि चार-पाच मजले आपोआप लागायचे. झाडलोट करणाऱ्या मावशींनी फडका फिरवला की अख्खी इमारत उजळायची. टेक्निशियनने येऊन अंतर कमी केलं, थांबण्याचा वेळ थोडा वाढवला, आणि लागलेला मजला पुन्हा हात दाखवून रद्द करायची सोय चालू करून दिली. हे सगळं पहिल्या दिवशीच करता आलं असतं. मावशींना पुसताना पॅनेल बंद ठेवायची किल्ली दिली, तेव्हापासून त्याही खूश आहेत.

तळमजल्यावरच्या मोशन सेन्सरची मात्र दया येते. कल्पना अशी होती की माणूस लॉबीत आला की लिफ्टने स्वतःच खाली यावं. तो मायक्रोवेव्हवर चालणारा होता आणि त्या लहरी काचेतून आरपार जातात. त्यामुळे काचेच्या दाराबाहेर वॉचमन दादांनी फेऱ्या मारल्या तरी लिफ्ट खाली, कुरिअरवाला रजिस्टरमध्ये नाव लिहीत उभा राहिला तरी लिफ्ट खाली, पोरं लॉबीत बॉल टाकत बसली तर विचारूच नका. वर लोक ताटकळलेले आणि खाली रिकामी लिफ्ट दार उघडून उभी. शेवटी त्याची वायर काढली. ज्याला लिफ्ट हवी तो हात पुढे करेल, मशीनने त्याच्या मनातलं ओळखायची गरज नाही.

आता कोड. स्कॅन करायला आपल्याला कुणी शिकवायला नको. यूपीआयमुळे भाजीवाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळ्यांचा हात बसला आहे. क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवण्यासाठी निघाला. त्यात दुरुस्तीची इतकी सोय असते की सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. म्हणजे दोष कोडचा नाही. तो जिथे आणून चिकटवला, तिथला आहे.

साखळी बघा. फोन काढायचा, लॉक उघडायचं, कॅमेरा, पान उघडायची वाट, मजला निवडायचा. मग तो निरोप इंटरनेटवरून कुठल्यातरी सर्व्हरकडे जाणार, तिथून आमच्या मशीन रूममधल्या पेटीकडे येणार, आणि ती पेटी लिफ्ट चालवणाऱ्या कंट्रोलरला सांगणार की समजा बटण दाबलं गेलं. बटण तिथेच वीतभर अंतरावर आहे! पार्किंगच्या मजल्यावर नेटवर्क नीट येत नाही, तिथे पान गोल गोल फिरत राहतं. पावसात वीज गेली की लिफ्ट जनरेटरवर चालते, पण राउटर त्या लाइनवर नाही, त्यामुळे कोड मेलेला.

याहून अडचणीचा भाग मजल्याचा. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) काही ऑफिस टॉवरमध्ये बाहेरच मजला सांगायचा असतो आणि कुठल्या लिफ्टमध्ये जायचं ते पॅनेल सांगतं. तिथे कंट्रोलरच तसा असतो. आमचा साधा आहे. कोडवाली पेटी आधी बाहेरचा कॉल लावते आणि दार उघडलं की आतला मजला लावते. संध्याकाळच्या गर्दीत दोन्ही लिफ्ट एकदम आल्या की मी डावीत शिरते आणि माझा अकरावा मजला उजवीत लागतो.

छापलेला कोड बदलत नाही, म्हणून मुलांनी त्याचा फोटो काढून ठेवला आणि घरातल्या सोफ्यावरून लिफ्ट नाचवायला सुरुवात केली. वेंडरने उपाय म्हणून लोकेशनची परवानगी सक्तीची केली. आता मुलं थांबली, पण पाहुणेही थांबले, कारण अनोळखी इमारतीत शिरताना कुणीही शहाणा माणूस फोनला लोकेशन द्यायला राजी होत नाही. स्वयंपाकाच्या काकूंकडे तर साधा बटणांचा फोन आहे.

कोडचा फायदा एकाच शेजाऱ्यांना होतो. चौदाव्यावरचे एक काका व्हीलचेअर वापरतात, ते घराच्या दारातूनच लिफ्ट बोलावतात आणि ती आल्यावर बाहेर पडतात. पण त्यासाठी अठरा मजल्यांवर पाट्या कशाला? त्यांच्या फोनवर एक लिंक पुरे.

बटणं काढू नका म्हणते, ते तिसऱ्या मजल्यावरच्या अप्पांमुळे. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. ते पॅनेल बोटांनी वाचतात, उठावाचे आकडे आणि ब्रेलचे ठिपके चाचपत जातात आणि हवं ते सापडलं की दाबतात. चाचपणं वेगळं, दाबणं वेगळं. सेन्सरला दोन्ही सारखंच. पहिल्या आठवड्यात अप्पांचं बोट जिथून जिथून फिरलं तो प्रत्येक मजला लागला, आणि मागून कुणीतरी "अप्पा, काय हे" म्हणालं. त्यानंतर ते कितीतरी दिवस जिना चढत होते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ पासून आहे, पण कोटेशन मागवताना कमिटीत कुणाच्याही डोक्यात हा विषय आला नाही. आता डाव्या लिफ्टमधलं एक पॅनेल पूर्ण साध्या बटणांचं करून घेतलं आहे आणि मजल्याची घोषणा मराठीत लावली आहे. अप्पा डावीच लिफ्ट धरतात.

पैशांचं थोडक्यात: सेन्सरचा खर्च एकदाच होतो. कोड बसवायला स्वस्त पडतो, पण सर्व्हरचं भाडं दर वर्षी. आणि सेन्सर एकाचे, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) दुसऱ्याची असेल, तर कंट्रोलरला बाहेरच्या माणसाने हात लावल्यावर बिघाडाची जबाबदारी कुणाची हे आधी लेखी घ्या. आमच्याकडे एकदा लिफ्ट मधेच अडकली, तेव्हा दोन्ही कंपन्यांची माणसं आली आणि तासभर एकमेकांकडे बोट दाखवत उभी राहिली.

डेमो बघायला जाल तेव्हा शोरूममधल्या गार हवेत बघू नका. बसवलेली एखादी इमारत मागा, सकाळी शाळेच्या वेळेला जा आणि दाराशी उभे राहा. कोडचं भाडं आमच्याकडे मार्चमध्ये भरायचं आहे. मी नको म्हणून लिहून दिलं आहे, सेक्रेटरींना अजून त्याचं अ‍ॅप हवं आहे.