मिलिंद बोकीलांची 'शाळा' ही कादंबरी कितव्या वर्षी वाचायला द्यावी?

मागच्या दिवाळीत भाच्याला 'शाळा' गिफ्ट दिली, तेव्हा तो सातवीत होता. दुकानवाल्याने बालसाहित्याच्या कप्प्यातूनच काढून दिली आणि नाव बघून मीही हो म्हणालो, खरं तर मी स्वतः आधी वाचलेली होती त्यामुळे चूक माझीच. पोराने चाळीसेक पानं वाचली, मग जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "मामा, लाइन देणे म्हणजे काय?" ताईने माझ्याकडे जे बघितलंय ना!

तर, शाळेबद्दल आहे म्हणून हे लहान मुलांचं पुस्तक होत नाही. मुकुंद जोशी नववीत आहे, सोबत सुऱ्या, चित्रे, फावड्या ही गँग, आणि वर्गात मुकुंदला आवडणारी शिरोडकर. पोरं एकमेकांत जशी बोलतात तशीच भाषा आहे, शिव्या आहेत, मुलींबद्दलच्या गप्पा आहेत, सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या लायकीच्या अजिबात नाहीत :) पण माझ्या मते सातवीच्या पोराला न देण्याचं कारण शिव्या नाहीत, त्या त्याला स्कूलबसमध्ये आधीच भेटल्यात. त्याला ती हुरहूरच कळत नाही. एक मुलगी क्लासला कुठल्या रस्त्याने जाते यावर एवढी पानं का खर्च केलीत, हा त्याचा प्रश्न बरोबरच होता की.

चौदा-पंधरा हे वय एकदम फिट. नववी म्हणजे दहावीचं वर्ष मानगुटीवर बसायच्या आधीचं शेवटचं मोकळं वर्ष, आणि पुस्तक नेमकं त्यावरच उभं आहे. इंग्लिश मिडियमवाल्यांनी पण घाबरू नये, मुकुंदच सगळं सांगतोय आणि बोलीभाषेत सांगतोय, त्यामुळे जड शब्दांनी अडायला होत नाही. अडतील ते आणीबाणीपाशी. कथा १९७५-७६ ची आहे, मोठ्यांच्या बोलण्यात ते सतत येत राहतं, पण लेखक थांबून समजावून देत नाही, म्हणून २५ जून १९७५ ला काय झालं ते आधी दोन वाक्यांत सांगून ठेवा. बाकी मात्र काही सांगू नका, आणि "कुठपर्यंत आलं?" असं रोज विचारू तर अजिबातच नका, हे पुस्तक पोराने दार लावून एकट्याने वाचायचं आहे.

मी पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचली, तेव्हा सगळं लक्ष शिरोडकरवर. आता चाळिशीत परत वाचली तर तिच्यापेक्षा मुकुंदच्या आईवडिलांकडेच जास्त लक्ष जात होतं, आणि नरूमामा तर फारच आवडला, पोराशी बरोबरीने बोलणारा असा एक तरी मोठा माणूस घरात पाहिजे राव (मामा असल्यामुळे मी बायस्ड आहे, मान्य). त्यामुळे नववीतल्या पोरांच्या आईबापांनी पण वाचा, फक्त स्वतःची वेगळी कॉपी घ्या.

सुजय डहाकेचा २०१२ चा सिनेमा पण छान आहे, पण आधी पुस्तक. सिनेमा बघितला की शिरोडकर म्हणजे केतकी माटेगावकरच दिसते, मग आपली आपल्याला रंगवता येत नाही.

मौज प्रकाशनाने काढलंय, जवळपास तीनशे पानं, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. भाच्याची कॉपी ताईने "तू नववीत गेल्यावर बघू" म्हणून कपाटात ठेवली होती. आता ती तिच्या उशाशी असते.