छोट्या गाडीत स्वतः बसवलेले जादा मीटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझी गाडी २०१४ सालची, तीन सिलिंडरची, आठशे सीसी वर्गातली पेट्रोल गाडी आहे. तिच्या डॅशबोर्डवर वेग, अंतर आणि पेट्रोल एवढेच दिसते; इंजिन तापले हे सांगण्यासाठी एक लाल दिवा आहे, काटा नाही. जुन्या मारुती ८०० मध्ये तापमानाचा काटा असे. माझ्या गाडीत तो नसण्याची किंमत मला मागच्या वर्षीच्या मे महिन्यात कळली. दर्यापूरहून अकोल्याला जाताना तो दिवा लागला, मी लगेच गाडी बाजूला घेतली, तरीही हेड गॅसकेट (इंजिनच्या दोन भागांमधली सील) गेलेच होते.

इंजिन खोलल्यावर खरे कारण दिसले. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे खाऱ्या भूजलाचा आहे, बोअरचे पाणी चहालासुद्धा चालत नाही, आणि तेच पाणी माझ्याआधीच्या मालकाने आणि नंतर मीही रेडिएटरमध्ये ओतत आलो होतो. रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा, खरखरीत थर जमला होता. इंजिन महिनाभर तरी नेहमीपेक्षा जास्त तापत असणार. पण दिवा हा फक्त शेवटची पायरी ओलांडल्यावर बोलतो, त्याआधीच्या पायऱ्या तो सांगत नाही. रेडिएटर बदलला, बोअरचे पाणी बंद करून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे खास द्रव) भरले, आणि डिसेंबरमध्ये तापमान, व्होल्टेज आणि ऑइल प्रेशर असे तीन मीटर स्वतः बसवायला घेतले. ५२ मिलिमीटर व्यासाचे तीन मीटर, अडॅप्टर, वायर, फ्यूज आणि क्लॅम्प मिळून सुमारे ३,४०० रुपये लागले. आमच्या मिस्त्रींचे मत स्पष्ट होते: “लाल बत्ती लागली का थांबाचं भाऊ, कायले पायजेत तुमाले एवढे काटे?”

गाडीला ओबीडी पोर्ट (इंजिनची माहिती वाचण्याचे सॉकेट) आहे आणि ब्लूटूथचा डोंगल लावून मोबाइलवर तापमान दिसते, हे मी आधी करून पाहिले होते. ज्यांना अधूनमधूनच पाहायचे आहे त्यांना ते पुरेसे आहे. पण आमच्याकडच्या उन्हात काचेजवळ लावलेला मोबाइल स्वतःच गरम होऊन बंद पडतो, आणि नेमकी गरज असते तेव्हाच आकडा दिसत नाही.

तापमानाचा सेन्सर इंजिनमध्ये नवीन भोक न पाडता बसवायचा असेल तर रेडिएटरच्या वरच्या होज पाइपमध्ये ॲल्युमिनियमचा अडॅप्टर घालणे हा सोपा मार्ग आहे. थंड इंजिनवर कूलंट काढून घ्यायचे, होज कापायचा, मध्ये अडॅप्टर बसवून दोन्ही बाजूंनी क्लॅम्प आवळायचे. अडॅप्टर वेगवेगळ्या मापांत येतो, म्हणून होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजूनच तो घ्यावा. डोळ्यांच्या अंदाजावर आणलेला पहिला मला परत करावा लागला. खरी गोम मात्र पुढे होती. सगळे जोडून झाले, गाडी चालू केली, पंखा फिरून बंदही झाला, तरी काटा तळाशीच. एका वायरच्या सेन्सरची अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) त्याच्या आट्यांतून इंजिनच्या धातूला मिळते, आणि माझा अडॅप्टर दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला होता. अडॅप्टरच्या स्क्रूपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर ओढली आणि काटा उठला. यातला धोका लक्षात घेण्यासारखा आहे, कारण असा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. म्हणजे अर्थिंग कच्ची असेल तर मीटर तापमान खऱ्यापेक्षा कमी दाखवतो आणि माणूस निश्चिंत राहतो.

बसवण्याआधी सेन्सर तपासला होता तो घरच्या गॅसवर. पातेल्यात पाणी उकळायला ठेवले, सेन्सरचे टोक पाण्यात बुडेल पण बुडाला टेकणार नाही असे तारेने लटकवले, त्याच्या अंगाला निगेटिव्हची वायर जोडली आणि शेजारी बॅटरी ठेवून मीटर लावला. पाणी खळखळ उकळत असताना काटा ९६ अंशांवर थांबला, म्हणजे तीन-चार अंश कमी. तेवढा फरक मी मनात धरून ठेवला आहे. पातेले दुधाचे होते हे आईच्या लक्षात आल्यावर काय झाले ते येथे लिहीत नाही.

वायरिंगचे काम एका रविवारात उरकले. चावी फिरवल्यावर वीज येणाऱ्या फ्यूजवरून तीन अँपिअरचा वेगळा फ्यूज लावून पुरवठा घेतला, आणि मीटरमधल्या दिव्यासाठी पार्किंग लाइटची वायर घेतली. बोनेटमधून आत येणाऱ्या वायरी मूळच्या रबरी बुचातूनच आणाव्यात, कारण पत्र्याच्या कडेवर वायर घासली तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. एक चूक येथेही झाली: मीटरची अर्थिंग मी डॅशबोर्डखालच्या रंगवलेल्या स्क्रूला दिली होती, त्यामुळे रात्री दिवे लावले की तापमानाचा काटा आपोआप सरकत असे. रंग खरवडून पत्र्यावर अर्थिंग दिल्यावर ते थांबले.

मीटर सुरुवातीला उजव्या खांबावर, काचेच्या कडेला लावले होते. दिसायला ते छान होते, परंतु वळणावर समोरून येणारी दुचाकी किंवा बैलगाडी नेमकी त्यांच्याआड जाई. दोन आठवड्यांत ते काढून स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला खाली घेतले. माझ्या गाडीत एअरबॅग नाही. ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी ती उघडण्याच्या मार्गात काहीही लावू नये.

ऑइल प्रेशरच्या मीटरने मात्र सर्वांत जास्त त्रास दिला. मूळच्या ऑइलच्या दिव्याचा स्विच काढायचा, तेथे पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवायचा आणि टीला जुना स्विच व नवा सेन्सर दोन्ही लावायचे, असा बेत होता. इंजिनवरचे आटे बीएसपीटी जातीचे, म्हणजे इंचाला २८; मीटरसोबत आलेले एनपीटी, म्हणजे इंचाला २७. दोन-तीन फेऱ्यांपर्यंत ते एकमेकांत बसतात आणि मग अडतात, आणि तेथे जोर लावला की ॲल्युमिनियम सोलवटते. योग्य आट्यांचा टी अकोल्याहून आणला. गळती नको म्हणून टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली, तर अर्थिंग तुटून काटा वेडावाकडा नाचू लागला. हे सगळे सुधारल्यावर गरम इंजिन आयडलला १३-१४ आणि पळताना ४५ पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास दिसू लागले, आणि रोज तेच दिसत राहिले. तीन सिलिंडरच्या थरथरीत त्या टीवर लटकणारा वजनदार सेन्सर पाहून माझाच जीव खालीवर होई. चौथ्या महिन्यात टीजवळ तेल पाझरताना दिसले, तेव्हा तो काढून मूळचा स्विच परत लावला. रोजच्या वापराच्या गाडीत हा मीटर लावू नये, असे माझे मत झाले आहे.

व्होल्ट मीटर स्वस्त आणि बिनतक्रार आहे. इंजिन बंद असताना १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.३ हे आता पाठ झाले आहे. जूनच्या पहिल्या पावसात वायपर, हेडलाइट आणि ब्लोअर एकदम चालू असताना तो १२.८ वर आला, तेव्हा अल्टरनेटरचा पट्टा सैल झाल्याचे सापडले.

आता तापमानाविषयी. माझ्या गाडीत थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) उघडेपर्यंत वरच्या होजमध्ये गरम पाणी येत नाही, त्यामुळे काटा बराच वेळ पडून राहतो आणि मग भरकन वर जातो. थंडीत तो ८५ ते ९० मध्ये असतो. पंखा ९५ च्या थोडा पुढे लागतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने महिनाभर ये-जा झाल्यावर हेच आकडे तीन-चार अंशांनी वर सरकले. बोनेट उघडून पाहिले तर एसीच्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा आणि काळ्या धुळीचा गालिचा बसला होता. मऊ ब्रश आणि पाण्याने तो काढताच काटा जागेवर आला. लाल दिव्याने हे कधीच सांगितले नसते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट दुसऱ्या गिअरवर, एसी लावून चढताना काटा १०३ वर गेला. एसी बंद केला, पाच मिनिटे हीटर पूर्ण सोडला, कारण तो इंजिनच्याच गरम पाण्यावर चालतो आणि तेवढी उष्णता बाहेर काढतो. आत बसवेना, पण काटा ९५ वर उतरला. रेडिएटरचे ०.९ बार दाब धरणारे झाकण ठीक असेल तर त्या दाबाखाली साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळते, हे माहीत असल्यामुळे घाबरलो नाही.

ऑगस्टमध्ये मात्र या मीटरने मला जवळजवळ फसवले. म्हैसांगच्या अलीकडे काटा १०४ वर चढला आणि मी गाडी थांबवण्याआधीच ७० वर घसरला. क्षणभर बरे वाटले. मग हीटर लावून पाहिला तर गार हवा आली, आणि तेव्हा उमगले की होजमध्ये पाणीच राहिलेले नाही, सेन्सर कोरडा लटकतो आहे. लाल दिवाही लागला नव्हता, कारण पाण्याऐवजी वाफेत राहिलेला मूळ सेन्सरसुद्धा नीट वाचत नाही. गळती माझ्याच अडॅप्टरच्या क्लॅम्पमधून होती. तापण्या-निवण्याने तो सैल झाला होता आणि बसवल्यानंतर मी एकदाही आवळला नव्हता. इंजिन वाचले. आता दर महिन्याला चारही क्लॅम्प पान्याने तपासतो, आणि काटा अचानक खाली आला तर तो वर गेल्यासारखाच मानून थांबतो.

गोठ्याजवळ गाडी उभी असल्यामुळे उंदरांनी एकदा सेन्सरची वायर कुरतडली; आता तिच्यावर प्लास्टिकची नळी आहे. ऑइल प्रेशरच्या मीटरची जागा रिकामीच आहे, तिच्यावर रबरी झाकण लावले आहे. गावातल्या एकाने आपल्या गाडीलाही तापमानाचा मीटर लावून मागितला होता. त्याच्या रेडिएटरचे झाकण उघडल्यावर चहाच्या रंगाचे पाणी दिसले, म्हणून आधी ते साफ करून, कूलंट भरून आण, असे सांगितले. तो अजून आलेला नाही.