सिरुई ५० एमएम ॲनामॉर्फिक लेन्स: व्हीएफएक्सवाल्याच्या बाजूने रिव्ह्यू

ह्या लेन्सचे रिव्ह्यू ढिगाने सापडतील, फ्लेअर (दिव्यामुळे फ्रेममध्ये पडणारी रेघ) किती भारी, लूक किती सिनेमॅटिक वगैरे. ते सगळं खरंय. पण मी व्हीएफएक्समध्ये कंपोझिटिंग करतो, म्हणजे शूट केलेलं आणि कॉम्प्युटरवर बनवलेलं एका फ्रेममध्ये जोडतो, शूट पॅकअप झाल्यावर त्या फुटेजशी झगडायचं काम आमच्याकडे येतं, आणि त्या बाजूने कोणी फारसं बोलत नाही म्हणून लिहितोय.

ॲनामॉर्फिक लेन्स चित्र आडवं दाबून सेन्सरवर टाकते, नंतर ते उघडून रुंद फ्रेम मिळते; किती दाबते तो स्क्वीझ. २०२० ला आलेली ही ५० एमएम एफ १.८, स्क्वीझ १.३३, एपीएससी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरसाठी. लहान बजेटच्या मराठी शॉर्टफिल्मवाल्यांना ॲनामॉर्फिक परवडायला लागली ती अशाच लेन्समुळे आणि त्याबद्दल मला मनापासून कौतुक आहे. १६:९ मध्ये शूट केलं की उघडल्यावर साधारण २.३७:१ ची फ्रेम मिळते. आता ३८४० बाय २१६० ची फ्रेम रुंदीत ताणून ५१०७ करायची की उंची दाबून १६२४ करायची हे शूटच्या आधी एडिटर, कलरिस्ट आणि व्हीएफएक्स तिघांनी बसून ठरवायचं. आणि आम्हाला प्लेट (ज्यावर इफेक्ट करायचा तो शूट केलेला शॉट) द्यायची ती स्क्वीझ्डच, कॅमेऱ्यातून निघाली तशी. न्यूक ह्या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेल ॲस्पेक्ट १.३३ टाकला की बघताना नीट दिसते, पिक्सेलला हात लागत नाही. एका वेब सिरीजच्या कामात प्लेट्स आधीच ताणून आल्या होत्या, ग्रेन (चित्रातले बारीक दाणे) आडवा ओढलेला, केसांच्या कडा मऊ पडलेल्या, कीइंग (मागचा ग्रीन स्क्रीन काढून टाकणं) करताना हैराण झालो, शेवटी मूळ फाइल्स मागवाव्या लागल्या आणि आठवडा वाया गेला.

आता मेन मुद्दा, डिस्टॉर्शन, म्हणजे लेन्समुळे सरळ रेषा वाकणं. साध्या लेन्सचं डिस्टॉर्शन मधून बाहेर सगळीकडे सारखं पसरतं, हिचं आडवं वेगळं आणि उभं वेगळं. वर फोकस जवळ आणला की स्क्वीझच बदलतो, म्हणजे लांबच्या शॉटला १.३३ असला तरी क्लोजअपला तेवढा राहत नाही. जुन्या सिनेमास्कोपमध्ये क्लोजअपला चेहरे सुजल्यासारखे दिसायचे ते ह्याच कारणाने. त्यामुळे हे मोजायला चौकटींच्या चार्टचा एकच शॉट, म्हणजे एक ग्रिड, काढून भागत नाही. सपाट बोर्डवर चेकर्ड चार्ट चिकटवा, फ्रेम कोपऱ्यापर्यंत भरेल असा धरा, आणि निदान तीन फोकस अंतरांवर शूट करा: जवळ, मध्यम, लांब. जवळचा फोकस ०.८५ मीटरलाच संपतो, त्यामुळे लोक पुढे ६७ एमएमचा डायॉप्टर (जवळचा फोकस मिळवून देणारी जादा काच) लावतात, लावला तर त्याचा ग्रिड परत वेगळा काढायचा. अर्ध्या तासाचं काम आहे हो, पण फर्स्ट एडी (शेड्यूल सांभाळणारा सहायक दिग्दर्शक) हा अर्धा तास शेड्यूलमध्ये लिहीत नाही तोवर ते होत नाही.

लेन्सला इलेक्ट्रॉनिक्स नाही, म्हणजे फोकस किंवा ॲपर्चरचा काहीच मेटाडेटा फाइलमध्ये येत नाही. फोकस पुलर टेप लावतोच, तर प्रत्येक व्हीएफएक्स शॉटचं अंतर आणि स्टॉप (ॲपर्चर) वहीत लिहून ठेवा. कॅमेऱ्याचं इन-बॉडी स्टॅबिलायझेशन बंद, नाहीतर सेन्सर लेन्सखाली हलत राहतो आणि कॅमेऱ्याच्या हालचालीचा ट्रॅक काही केल्या बसत नाही. मॅचमूव्हवाल्याला (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरमध्ये जुळवणाऱ्याला) सांगा की ही उभ्यात ५० आहे पण आडवी साधारण ३७.६ एमएमएवढं बघते. थ्रीडी इक्वलायझर ह्या मॅचमूव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲनामॉर्फिकसाठी वेगळं मॉडेल आहे आणि त्यात लेन्स रोटेशन नावाचा पॅरामीटर आहे, आतली काच सेन्सरच्या मानाने किंचित तिरकी बसली असेल तर तेही त्यात पकडता येतं. ग्रिड नीट असेल तर हे सगळं पटकन सुटतं, नसेल तर नुसता अंदाजपंचे कारभार.

फ्लेअर. निळी आडवी रेघ, लोक ही लेन्स घेतात ते तिच्यासाठीच, आणि सुंदर दिसते ह्यात वाद नाही. पण ग्रीन स्क्रीनसमोर फ्रेममध्ये एखादा टॉर्च किंवा गाडीचा दिवा आला की ती रेघ हिरव्यावरून आरपार जाते, कीइंग तिथे फाटतं आणि मग फ्रेम बाय फ्रेम रोटो (हाताने कडा काढून कापणं). ब्लू स्क्रीनला तर ती रेघच कीइंगमध्ये उडते. एफ १.८ वर कडाही मऊ पडतात, कोपऱ्यातले ट्रॅकिंग मार्कर नुसते डाग दिसतात, म्हणून व्हीएफएक्स शॉट एफ ४ च्या आसपास ठेवा आणि दिवे फ्रेमबाहेर. फ्लेअर आम्ही कंपमध्ये टाकून देऊ, काढणं फार महागात पडतं.

तर घ्यावी का? मिड आणि वाइड शॉट, सेट एक्स्टेंशन (सेट कॉम्प्युटरवर वाढवणं), मोबाइलची स्क्रीन बदलणं असली कामं असतील तर बिनधास्त घ्या. ग्रीन स्क्रीनवरचे क्लोजअप असतील तर तेवढे शॉट ३५ एमएमच्या साध्या लेन्सवर काढा, डिस्टॉर्शन आणि लांबुळका बोके (मागचे धूसर ठिपके) आम्ही नंतर जुळवतो. आणि भाड्याने आणत असाल तर ग्रिड ज्या लेन्सवर काढला तीच लेन्स शूटला आलीये ना हे सिरियल नंबर बघून तपासा, एकाच मॉडेलच्या दोन लेन्स तंतोतंत सारख्या नसतात.