मध्येच बंद पडणारा ड्रायर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडचा कपडे वाळवण्याचा ड्रायर विजेवर चालणारा आणि दमट हवा पाइपाने घराबाहेर सोडणारा आहे. सुरुवातीला त्याने चोख काम केले. जाड टॉवेल आणि जीन्ससुद्धा एका फेरीत पूर्ण वाळून निघत. पुढे मात्र तो चालता चालता बंद पडू लागला. त्याचे कारण शोधताना जे समजले, ते माहितीपुस्तिकेत कुठेच नीट सांगितलेले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

यंत्र नेमके कसे बंद पडते, हे आधी शांतपणे पाहावे. एमसीबी (जादा वीजप्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये, हीटरच्या कॉइलमध्ये किंवा त्याच सर्किटवरील जादा भारात असण्याची शक्यता असते आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडेच सोपवावे. दार किंचित दाबल्यावर ड्रायर पुन्हा चालू होत असेल, तर संशय दाराच्या खिट्टीवर किंवा स्विचवर घ्यावा. कपडे ओलसर असतानाच तो काम संपल्याचे दाखवून थांबत असेल, तर ड्रममधल्या धातूच्या दोन अरुंद पट्ट्या तपासाव्यात. ओले कपडे त्या पट्ट्यांना टेकले की त्यांच्यातून अत्यल्प वीजप्रवाह वाहतो आणि त्यावरून यंत्राला ओलावा कळतो. फॅब्रिक सॉफ्टनरचा (कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा) किंवा ड्रायर शीटचा (त्याच कामासाठी ड्रममध्ये टाकायच्या पातळ तुकड्याचा) मेणचट थर त्यांवर बसला, की ओले कपडेही यंत्राला कोरडे भासतात. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने त्या पुसल्या की बहुधा काम भागते. अगदी थोडे कपडे टाकले तरी ते पट्ट्यांना क्वचितच टेकतात आणि परिणाम तोच होतो.

आमचा प्रकार यांपैकी कोणताच नव्हता. ड्रायर बराच वेळ व्यवस्थित चाले, मग अचानक थांबे; बटण दाबले तरी ड्रम हलत नसे, आणि यंत्र पूर्ण निवल्यावर जणू काही झालेच नाही असा पुन्हा सुरू होई. निवल्यावर सुरू होणे ही इथली सर्वांत महत्त्वाची खूण आहे. थर्मल फ्यूज, म्हणजे यंत्र अति तापल्यास वीज तोडणारा भाग, एकदा उडाला की आपोआप जोडला जात नाही, तो बदलावाच लागतो. मोटरला अति तापण्यापासून वाचवणारा तिच्यातला स्विच मात्र तापल्यावर तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. म्हणजे मोटर प्रमाणाबाहेर तापत होती आणि तो स्विच तिला वाचवत होता. उरलेला प्रश्न एवढाच होता, की ती का तापते.

पाइपाच्या घराबाहेरच्या तोंडाशी हात धरला, तेव्हा हवेचा झोत जेमतेम जाणवला. तिथली झडप कपड्यांतून सुटलेल्या चिकट तंतूंनी अर्धवट मिटलेली होती. पाइप काढून पाहिला, तर आतल्या वळ्यांवर राखाडी नमद्यासारखा थर बसला होता आणि कोपऱ्यावर तो ओला होऊन घट्ट झाला होता. बसवायला आलेल्या कारागिराने घड्या पडणारा लवचीक पाइप गरजेपेक्षा लांब ठेवून यंत्रामागे दाबून टाकला होता, गरम हवा कोंडून मोटर तापण्याचे मूळ हेच होते असे माझे ठाम मत आहे. खात्रीसाठी खिडक्या उघड्या ठेवून, समोर उभे राहून पाइपाशिवाय एक फेरी चालवली आणि ती न थांबता पूर्ण झाली. ही चाचणी केवळ विजेच्या ड्रायरवर करावी. गॅसच्या ड्रायरवर ती कदापि करू नये, कारण जळलेला वायू घरात सुटतो.

त्यानंतर गुळगुळीत, टणक धातूचा 4 इंची पाइप बसवला, वळणे कमी केली आणि सांधे धातूच्या फॉइल टेपने बंद केले. आत टोक निघणारे स्क्रू मुद्दाम टाळले, कारण तंतू नेमके त्यांनाच अडकतात. प्लग काढून मागचा पत्रा उघडला आणि मोटरभोवतीचे तंतूही व्हॅक्यूमने काढले. तेव्हापासून ड्रायर एकदाही मध्ये थांबलेला नाही.

ड्रायरमधल्या तंतू अडवणाऱ्या जाळीच्या फिल्टरविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. तो प्रत्येक फेरीनंतर झाडूनही तुंबू शकतो, कारण सॉफ्टनरचा पारदर्शक पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही. जाळीवर पाणी ओतावे; ते खाली न गळता वर साचून राहिले, तर साबण आणि मऊ ब्रश लावून जाळी धुवावी आणि पूर्ण वाळवूनच परत बसवावी.

सुरक्षा स्विच किंवा फ्यूज वगळून तार सरळ जोडण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मुळीच मानू नये. साचलेले तंतू चटकन पेट घेतात आणि आग लागण्यापूर्वी यंत्र थांबवणारा तोच एक भाग असतो. फ्यूज उडाला असेल तर तो बदलावा, पण हवेचा मार्ग मोकळा केल्याशिवाय नवा फ्यूजही टिकणार नाही.

यंत्र म्हणून या ड्रायरविषयी मी समाधानी आहे: कपडे एकसारखे वाळतात आणि आवाजही सुसह्य आहे. तक्रार आहे ती सूचनांच्या अभावाची. हवा अडते आहे, एवढे सांगणारा एक दिवासुद्धा त्यावर नाही, त्यामुळे फेरीला लागणारा वेळ वाढत चालला आहे का, यावर आपणच लक्ष ठेवावे लागते; आमच्याकडे बंद पडण्याच्या कितीतरी आधी तो वाढू लागला होता. ज्यांच्या घरात पाइप लांबवर आणि अनेक वळणांनी न्यावा लागणार आहे, त्यांनी हा प्रकार घेऊ नये. त्यांना पाइप न लागणारा, दमट हवेतले पाणी आतल्या टाकीत जमवणारा कंडेन्सर किंवा हीट पंपचा ड्रायर अधिक सोयीचा पडेल. मात्र ती टाकी भरली की तोही थांबतो, म्हणून ती वेळेवर रिकामी करावी.