दार्जिलिंग की माथेरान? डोंगरी रेल्वेची जुनी कार्डं घेताना

मिरज जंक्शनवर एकेकाळी तिन्ही गेजच्या, म्हणजे रुळांमधल्या तीन वेगवेगळ्या रुंदींच्या, गाड्या उभ्या असायच्या, त्यामुळे सांगलीकराला रेल्वेचं वेड लागायला वेगळं निमित्त लागत नाही. त्या वेडापायी जुनी पिक्चर पोस्टकार्डं जमवायची असतील आणि खिसा बेताचा असेल, तर आधी दार्जिलिंग धरा. मन माथेरानकडे ओढलं तरी.

दार्जिलिंगची दोन फुटी गेजची गाडी १८८१ मध्ये वर पोहोचली. पिक्चर पोस्टकार्डांची लाट आली ती १९०० च्या आसपास. कलकत्त्याच्या जॉन्स्टन अँड हॉफमनसारख्या स्टुडिओंनी त्या वाटेवरची वळणं मनसोक्त टिपली. त्यामुळे एकाच दृश्याच्या वेगवेगळ्या छपाया हाती येतात, आणि नजर तयार होते ती त्या शेजारी ठेवून पाहण्यातच. ‘ॲगनी पॉइंट’चा आवळ वेढा तर हटकून सापडतो. इंजिनाच्या पुढच्या तुळईवर बसलेली दोन माणसं दिसली की कार्ड सोडू नका: चढावर चाकं घसरू नयेत म्हणून ती रुळांवर वाळू टाकत.

तारखेचा अंदाजही इथे बांधता येतो. दार्जिलिंगजवळचा बतासिया लूप, म्हणजे रुळांचा मोठा वेढा, १९१९ चा, म्हणजे तो दिसणारं कार्ड त्याआधीचं असूच शकत नाही. ब्रिटनमध्ये पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची मुभा १९०२ मध्ये मिळाली. मागची बाजू मजकूर आणि पत्ता यांसाठी उभ्या रेघेने दुभागलेली असेल तर कार्ड बहुधा त्यानंतरचं. रंगांवर मात्र विसंबू नका. पुष्कळ कार्डं जर्मनीत छापली जात आणि काळ्या-पांढऱ्या फोटोवर तिथेच रंग चढत. आभाळाची गुलाबी छटा बऱ्याचदा छापणाऱ्याच्या मनातली.

माथेरानचं गणित निराळं. नेरळहून वर जाणारी ही गाडी १९०७ ची, आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून उभी राहिलेली. लाट अर्धीअधिक चढून गेल्यावर ती आली. माझ्या पाहण्यात तिची कार्डं कमी, आणि घरचं ठिकाण म्हणून मराठी गिऱ्हाईक भाव वाढवून मोकळं होतं. विक्रेत्यालाही ते ठाऊक असतं. म्हणून इथे भिंग हवंच. छापील कार्डावर बारीक ठिपके किंवा कण दिसतात, अस्सल फोटोकार्डावर, म्हणजे थेट फोटोच्या कागदावर काढलेल्या कार्डावर, सलग छटा, आणि जुन्या फोटोच्या गडद भागात तिरकं धरल्यावर चंदेरी झाक. ‘फोटोकार्ड’ म्हणून किंमत सांगितली आणि भिंगाखाली ठिपके दिसले, तर नमस्कार करून निघा.

निलगिरी आणि कालका-सिमला पुढे कधीतरी. निलगिरीचा दातेरी रूळ चित्रात छान दिसतो, पण चारही घाट एकदम धरलेत तर एकही संग्रह धड होणार नाही.

लिहिलेलं, शिक्का उमटलेलं कार्ड कोऱ्यापेक्षा मला जास्त आवडतं. शिक्क्यातून निदान टपालाची तारीख तरी कळते. कोपरा दुमडलेला चालेल, चिकटपट्टी लावलेलं नको. आणि कौतुकापोटी लॅमिनेशन करू नका, कार्ड कायमचं वाया जातं. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको, पण अल्बम तळमजल्याच्या कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात अधूनमधून उघडून बुरशी-कसर पाहा.

माथेरानच आधी घ्यायचं असा हट्ट असेल, तर त्याला एकच कारण मला पटतं: नेरळला जाऊन कार्डावरचं वळण प्रत्यक्ष शोधता येतं. तेव्हा झेरॉक्स सोबत न्या, कार्ड घरीच राहू द्या.